सर्व्हर सापडेना, की दार उघडेना?

कराडात बसून गेली एकोणीस वर्षं मी दुकानं, पतसंस्था, दवाखाने यांची नेटवर्कं जोडते आणि बिघडली की दुरुस्तही करते. या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच घराण्यातल्या निघाल्या: प्रोग्रॅम चालू आहे, सर्व्हर चालू आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. म्हणून प्रिंटर आणि पेनड्राइव्हचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. आज्ञा आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजीत करा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आमच्याकडे एक सर्व्हर आणि चार काउंटर आहेत. सोमवारी दुपारी लाइट गेली, तासाभराने आली. तेव्हापासून चारही काउंटरवर वीसेक सेकंद चक्र फिरतं आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट, १००६०' असं येतं. सर्व्हरवर बसून तेच सॉफ्टवेअर उघडलं तर व्यवस्थित चालतं. त्यामुळे सगळे पिग्मी एजंट त्या एका संगणकापुढे रांग लावतात. संगणकवाला म्हणतो, सर्व्हर फॉर्मॅट करावा लागेल. करू का?

उत्तर : अजिबात नको! ज्या यंत्रावर सॉफ्टवेअर धड चालतंय तेच पुसून टाकायचं म्हणजे आजारी मुलाच्या धाकट्या भावाला इंजेक्शन देण्यासारखं आहे. शिवाय त्यात ठेवीदारांच्या नोंदी आहेत.

तुम्ही एररचा आकडा लिहून पाठवलात, याबद्दल तुम्हाला चहा पाजायला हवा. विंडोजमध्ये हे आकडे ठरलेले आहेत आणि निरोप कुठवर पोचला ते त्यांच्यावरून कळतं. काउंटरवरचा प्रोग्रॅम सर्व्हरला आधी एक छोटी हाक मारतो: 'बोलू का?' सर्व्हर म्हणतो, 'बोल.' काउंटर म्हणतो, 'बरं, बोलतो.' या तीन निरोपांनंतर खरं काम सुरू होतं. पहिल्याच हाकेला आतून 'इथे असं कोणी राहत नाही' म्हणून दार लावून घेतलं, तर १००६१ येतो, म्हणजे 'रिफ्यूज्ड'. तो लगेच येतो, फार तर एकदोन सेकंदांत. हाकेला कोणी ओच दिली नाही, तर विंडोज थोडं थांबून आणखी काही वेळा हाक मारतं आणि मग १००६० दाखवतं. तुमची वीसेक सेकंदं या हाका मारण्यातच जातात. आणि ११००१ आला तर पत्त्याच्या वहीत ते नावच सापडलेलं नाही, हाक मारायची वेळच आली नाही.

तेव्हा तुमच्या काउंटरच्या हाकेला ओ मिळत नाहीये. सर्व्हरवर बसलं की चालतं, कारण तिथे प्रोग्रॅम आपल्या आपल्यातच बोलतो, वायरवर जातच नाही. गावातली वाट तुटली तरी माजघरातून स्वयंपाकघरात जाता येतंच की!

माझा संशय पत्त्यावर आहे. बहुतेक छोट्या कार्यालयांत प्रत्येक यंत्राला पत्ता राउटर वाटतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, परत आल्यावर त्याने मागचं वाटप विसरून नव्याने वाटायला घेतलं. सर्व्हर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर लोकांचे मोबाइल वायफायवर चढून बसलेले असतात. काउंटरच्या सेटिंगमध्ये मात्र जुनाच पत्ता लिहिलेला.

ताडून बघा. सर्व्हरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. समजा '१९२.१६८.१.९' असं दिसलं. आता काउंटरवरच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता काय आहे ते पाहा. तिथे शेवटी ९ ऐवजी ५ असेल, तर चोर सापडला. आता चारही काउंटरवर ५ चा ९ करण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण पुढच्या वेळी लाइट गेली की ९ चा १२ होईल. राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरापुढे तो ५ कायमचा राखून ठेवा. या सोयीला बहुतेक राउटरांत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. आणि राउटरही यूपीएसवर घ्या. सर्व्हर यूपीएसवर आणि राउटर मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर, ही मांडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता आधी तिथेच वाकून बघते.

पत्ता दोन्हीकडे सारखाच निघाला तर मग विंडोजच्या फायरवॉलकडे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका अडवणाऱ्या पहारेकऱ्याकडे वळा. सर्व्हरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक' दिसतंय की 'प्रायव्हेट'? राउटर बदलला किंवा रिसेट झाला की विंडोजला हे नेटवर्क नवं वाटतं आणि ते त्याला एस्टी स्टँडवरच्या वायफायइतकंच परकं समजतं. मग बाहेरून आलेली हाक ते मुकाट गिळून टाकतं. ओ देत नाही, नाहीही म्हणत नाही, म्हणून तेव्हाही १००६०च दिसतो. 'प्रायव्हेट' करून पाहा.

एक मात्र सांगते. पिंगला उत्तर आलं म्हणजे सर्व्हर भेटला, असं समजू नका. (पिंग म्हणजे 'या पत्त्यावर कोणी आहे का?' एवढंच विचारणारा छोटा प्रोग्रॅम. तो माइक म्यूस या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने ते नाव ठेवलं.) तीन वर्षांपूर्वी एका दूध संस्थेत मी यात पुरती फसले. काउंटरवर १००६१ येत होता, पण सर्व्हरच्या पत्त्याला पिंग केलं की चटचट उत्तर. म्हणून मी दोन तास सर्व्हरवरचा डेटाबेस उघड-बंद करत बसले. बाहेर कॅन घेऊन आलेल्या बायका खोळंबलेल्या, सचिव दर पाच मिनिटांनी 'झालं का मॅडम?' विचारून जाणार. शेवटी वैतागून सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली. तरीही पिंगला उत्तर येतच राहिलं! वायर माझ्या हातात, आणि पडद्यावर ओळींवर ओळी: उत्तर, उत्तर, उत्तर. तो पत्ता सचिवांच्या खिशातल्या मोबाइलला मिळाला होता. मोबाइलवर डेटाबेस कुठला असायला, म्हणून तो बापडा इमानदारीने 'इथे असं कोणी राहत नाही' सांगत होता. तेव्हापासून पिंगला उत्तर आलं की मी आधी वायर काढून बघते.

खरी चाचणी पत्त्यावरच्या नेमक्या दाराची, म्हणजे पोर्टची, करायची. प्रत्येक डेटाबेसचं दार वेगळ्या आकड्याचं असतं. पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची दुसरी खिडकी) 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे सर्व्हरचा पत्ता, मग '-पोर्ट' आणि दाराचा आकडा. मायएसक्यूएलचं नेहमीचं दार ३३०६, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं १४३३, पोस्टग्रेसचं ५४३२. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर वाट मोकळी आहे आणि दोष सॉफ्टवेअरच्या पासवर्डात किंवा सेटिंगमध्ये आहे.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर भाच्याने बनवून दिलंय. रोज सकाळी पहिलं बिल करताना 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' असं येतं. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं की दिवसभर कुरकुर नाही. काउंटरचा संगणक रात्रभर चालूच असतो, त्याच्यावर कॅमेरे आहेत. गंमत म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात एकदाही असं झालं नाही. बायको म्हणते, लक्ष्मीपूजनाचा प्रताप. तुमचं काय मत?

उत्तर : वहिनींना दुखवायची इच्छा नाही, पण दिवाळीत तुम्ही दुकान बंद किती वाजता करत होता? रात्री साडेबारा-एकला करून सकाळी साडेसात-आठला उघडत असाल. म्हणजे मधे सातच तास गेले. एरवी नऊला कुलूप लावून साडेनऊला उघडलं, तर साडेबारा तास.

मायएसक्यूएलमध्ये 'वेट टाइमआउट' नावाचं एक सेटिंग असतं आणि कोणी हात लावला नसेल तर ते २८,८०० सेकंद असतं. भागाकार करा: बरोबर आठ तास. आठ तास कोणी काही विचारलं नाही तर डेटाबेस ती जोडणी आपल्या बाजूने बंद करून टाकतो. काउंटरवरच्या सॉफ्टवेअरला हे कोणी कळवत नाही. ते सकाळी उठून कालचाच फोन कानाला लावून बोलायला लागतं, आणि पलीकडे फोन कधीच ठेवलेला असतो.

भाच्याला सांगा, आकडा वाढवून चोवीस तास करू नकोस. मग हाच एरर गुरुवारची सुट्टी झाली की येईल. प्रत्येक बिलाआधी जोडणी जिवंत आहे का ते तपासायचं आणि मेलेली असेल तर नवी घ्यायची, हे सॉफ्टवेअरमध्येच बसवायला हवं. मात्र एक धोका त्याच्या कानावर घाला. 'एरर आला की तेच बिल पुन्हा पाठव' असं डोळे झाकून लिहिलं, आणि एखाद्या दिवशी बिल सर्व्हरवर जमा झाल्यावर पण पोच यायच्या आत वायर तुटली, तर एकाच साडीची दोन बिलं होतील. प्रत्येक बिलाला काउंटरवरच नंबर द्यायचा आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसने नाकारायचा, अशी सोय हवी.

तोवर रात्री निघताना सॉफ्टवेअर तेवढं बंद करून जा. कॅमेरे राहू देत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचं अँड्रॉइड ॲप एम्युलेटरमध्ये चालवतो, सर्व्हर त्याच लॅपटॉपवर पोर्ट ३००० वर आहे. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:३०००' उघडतं, पण ॲपमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. मित्राने सांगितलं म्हणून फायरवॉल बंद केली, तरी तेच.

उत्तर : आधी फायरवॉल चालू कर, मग पुढचं वाच. वर पतसंस्थेच्या उत्तरात लिहिलंय ते लक्षात घे: फायरवॉल सहसा गप्प बसते. तुला कोणीतरी स्पष्ट 'नाही' म्हणतंय, म्हणजे हाक कुठल्यातरी दाराशी पोचली आहे. फक्त घर चुकलंय.

'लोकलहोस्ट' म्हणजे 'माझं घर'. लॅपटॉप 'माझं घर' म्हणतो तेव्हा ते लॅपटॉपचं. एम्युलेटर हा आपल्या परीने एक अख्खा वेगळा फोन असतो, तो 'माझं घर' म्हणतो तेव्हा स्वतःच्याच आत शोधतो. तिथे ३००० वर कोणी बसलेलं नाही, म्हणून रिफ्यूज्ड. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमधून लॅपटॉपकडे जायला एक खास पत्ता ठेवलाय: १०.०.२.२. लोकलहोस्टच्या जागी तो लिही.

पण तोंडी परीक्षेला तू ॲप खऱ्या फोनवर दाखवशील, आणि तिथे १०.०.२.२ चालणार नाही. तेव्हा लॅपटॉपचा खरा पत्ता घालायचा. मग पुढचा खड्डा: काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट -एएनओ' चालव आणि ३००० ची ओळ शोध. ती '१२७.०.०.१:३०००' अशी असेल तर तुझा सर्व्हर फक्त घरातल्यांचंच ऐकतोय. '०.०.०.०:३०००' अशी हवी. ती सर्व्हरच्या कोडमध्येच बदलावी लागते. त्यानंतर फायरवॉल 'परवानगी देऊ का' विचारेल, तेव्हा 'हो' म्हण.

एवढं करूनही होस्टेलच्या वायफायवर चालणार नाही, अशी दाट शक्यता आहे. अशा वायफायवर एका उपकरणाने दुसऱ्याशी बोलूच नये, असा बंदोबस्त बऱ्याचदा केलेला असतो, आणि तो बरोबरच आहे. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोड. आणि पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल, शेवटचा 'एस' नसेल, तर अँड्रॉइड ९ पासून अशी उघडी वाहतूक मुळातच अडवली जाते. तेव्हा 'क्लिअरटेक्स्ट' असा शब्द असलेला वेगळाच एरर येईल. प्रोजेक्टपुरती मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये) सूट देता येते. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं तर 'ही सूट फक्त चाचणीसाठी आहे' असं आपणहून सांग.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वाई. जुना संगणक उन्हाळाभर बंद होता. आता कुठलीही साइट उघडली की 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं येतं. कोणी माझ्यावर पाळत ठेवतंय का?

उत्तर : नाही, गुरुजी. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. २००९ वगैरे काहीतरी दिसेल. साइटच्या ओळखपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमच्या संगणकाच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नाही, म्हणून तो सगळ्यांनाच तोतया ठरवतो. आतल्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक यंत्रांत तो सीआर-२०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. सेल बदला, तारीख लावा. झालं.

प्रश्न : म्हापशात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. स्टॉकचा डेटाबेस दुकानातल्या संगणकावर आहे आणि तो मला रात्री घरून बघायचाय. व्हिडिओ पाहून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक दुकानातल्या संगणकाकडे वळवायची सोय) केलं, तीनदा तपासलं. दुकानात बसून चालतं, घरून 'टाइम्ड आउट'. इंटरनेट कंपनीला फोन केला तर म्हणतात, 'आमच्याकडून सगळं ओके आहे.'

उत्तर : त्यांच्याकडून ओके असेलही. दुकानाच्या राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून एक पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. मग दुकानातूनच गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. दोन्ही पत्ते वेगळे आले, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही. जगातले जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्यामुळे कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. या मधल्या थरासाठी १००.६४ चा हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. एका वाड्यात चाळीस बिऱ्हाडं आणि रस्त्यावर दार एकच! तुम्ही आपल्या खोलीचं दार उघडं ठेवलंत, पण वाड्याच्या दिंडीची किल्ली कंपनीकडे आहे.

कंपनीकडून महिन्याचे जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घेता येतो. पण तो मिळाला तरी ३३०६ किंवा ३३८९ ही दारं सरळ इंटरनेटवर उघडू नका. पहिलं डेटाबेसचं, दुसरं रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून संगणक चालवायचं. अशी उघडी दारं चाचपत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. एका दवाखान्यात सोमवारी सकाळी सगळ्या फायलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ३३८९ उघडं होतं आणि पासवर्ड डॉक्टरांच्या गाडीचा नंबर होता.

त्यापेक्षा व्हीपीएन, म्हणजे तुमच्याच यंत्रांमधली खासगी वाट, बसवा. टेलस्केलसारखं काही दुकानात आणि घरी दोन्हीकडे टाकलं, तर दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारून एकमेकांना गाठतात. स्थिर पत्त्याची गरज उरत नाही आणि पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाकता येतं. ते आजच काढा.

प्रश्न : नेट चालतं पण सॉफ्टवेअर चालत नाही. लवकर उत्तर द्या. — एक वाचक

उत्तर : कुठलं सॉफ्टवेअर? कधीपासून? एकाच संगणकावर की सगळ्यांवर? आदल्या दिवशी काय बदललं, नवा राउटर, नवा पासवर्ड, नवा माणूस? एरर लगेच येतो की चक्र फिरून? सर्व्हरवर बसून चालतं का? एवढं लिहा, आणि एररच्या अख्ख्या खिडकीचा फोटो पाठवा. मागच्या महिन्यात आलेल्या अकरा फोटोंपैकी चारांत एररच्या आकड्यावर नेमका फ्लॅश पडला होता, आणि एकात फक्त अंगठा होता. फोटो काढून होईपर्यंत रिस्टार्टचं बटण दाबू नका.